लहान मुलांचं होमस्कूलिंग: सुरुवात कशी करायची, अभ्यासक्रम कोणता घ्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल तीन वर्षांचं झालं की प्रवेशाची धावपळ सुरू होते, आणि त्याच सुमारास काही घरांत वेगळा विचार डोकावतो: याला घरीच शिकवलं तर? असा विचार करणाऱ्या पालकांचे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. इथली उत्तरं साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आणि मुख्यतः महाराष्ट्रात राहणाऱ्या कुटुंबांसाठी आहेत.

होमस्कूलिंग म्हणजे घरात शाळा भरवायची का?

नाही. सकाळी दहाला टेबल-खुर्ची मांडून, फळा लावून, तासांची घंटा वाजवायची गरज नाही. शाळेत एक बाई चाळीस मुलांना सांभाळतात म्हणून तिथे तासिका, रांगा आणि वेळापत्रक लागतं. तुमच्यासमोर एकच मूल आहे, फार तर दोन. त्याचा प्रश्न आला त्या क्षणी उत्तर देता येतं, न समजलेलं तिथल्या तिथे पुन्हा घेता येतं, समजलेलं दहा वेळा गिरवून घ्यावं लागत नाही. घरी शिकवण्याचा मोठा फायदा तोच, आणि शाळेची नक्कल केली की तोच हातचा जातो.

हे कायद्यात बसतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगते.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्यामुळे सहा वर्षांखालच्या मुलाला बालवाडी, नर्सरी, केजी यांपैकी कुठेही घालण्याची सक्ती पालकांवर नाही. तिथवर निर्धास्त राहा.

सहाच्या पुढे मात्र नीट समजून घ्या. कायद्याचं दहावं कलम सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. ते पाळलं नाही तर पालकांना दंड किंवा तुरुंगवास अशी तरतूद मात्र या कायद्यात नाही. होमस्कूलिंगला परवानगी देणारं किंवा त्यावर बंदी घालणारं स्वतंत्र कलमही नाही. मोकळीक आहे, पण ती कागदावर लिहून दिलेली नाही. ‘पूर्णपणे कायदेशीर आहे, काळजीच नको’ असं कोणी छातीठोक सांगत असेल तर तो अर्धीच गोष्ट सांगतोय. ‘पोलीस येतील’ म्हणणाराही तसाच.

व्यवहारात काय होतं? राज्यात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं. शिक्षक घरी आले तर तुमचं मूल त्या यादीत जाऊ शकतं. हे सर्वेक्षण मुळात ऊसतोड, वीटभट्टी आणि स्थलांतरामुळे शाळा सुटलेल्या मुलांसाठी आहे आणि ते अतिशय गरजेचं काम आहे. आलेल्या गुरुजींशी हुज्जत घालू नका. त्यांना आत बोलवा, मुलाच्या वह्या दाखवा, काय शिकवताय ते सांगा.

आणखी एक. चार-पाच घरांनी मिळून मुलांना एकत्र शिकवायचं ठरवलं, तर त्याला ‘शाळा’ म्हणू नका, फी घेऊ नका, पाटी लावू नका. मान्यता नसलेली शाळा चालवणाऱ्याला या कायद्यात एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

कागदपत्रं कोणती जपायची?

जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड. मूल आधी शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपुस्तक रीतसर मागून घ्या. सरकारी पोर्टलवर मुलाचा जो विद्यार्थी क्रमांक असतो, तोही लिहून ठेवा. पुढे कुठेही प्रवेश घेताना तो विचारतात. ‘नंतर घेऊ’ म्हणून दाखला शाळेतच राहू देऊ नका.

मूल चार वर्षांचं आहे. कोणता अभ्यासक्रम विकत घेऊ?

कोणताच नको, निदान वर्षभर तरी.

हे उत्तर ऐकून पालकांचा हिरमोड होतो, कारण होमस्कूलिंगचा निर्णय घेतला की काहीतरी खरेदी करावंसं वाटतं. पेटी घरी आली, त्यात कार्डं, वर्कबुकं, ३६५ दिवसांचं वेळापत्रक असलं की मनाला आधार मिळतो. पण तो आधार आपल्याला असतो, चार वर्षांच्या मुलाला त्याचा उपयोग थोडाच. त्याला हवं असतं भरपूर बोलणं, गोष्टी, माती, पाणी, चढणं-उतरणं, कात्री-डिंक, स्वयंपाकघरातली लुडबुड आणि जवळ निवांत बसलेलं मोठं माणूस.

आपल्याकडे हे फार आधी करून दाखवलं गेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींची तत्त्वं त्यांनी घेतली, पण महागडी साधनं आणली नाहीत. शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या यांवर आदिवासी पाड्यांवरची मुलं शिकली. कोसबाडला जे बियांवर जमलं ते आपल्या घरातही जमेल.

सहाच्या आसपास मात्र दिशा ठरवावी लागते. तेव्हा पुढचे पर्याय पाहा.

*बालभारती.* १९६७ पासून राज्याची पाठ्यपुस्तकं तयार करणारी ही संस्था. सगळी पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. माझं स्पष्ट मत असं की मराठी घराने पायाला बालभारतीच धरावी. कारण साधं आहे: उद्या मूल शाळेत गेलं तर बहुधा याच पुस्तकांशी त्याची गाठ पडणार आहे. पण पुस्तक रोज दोन पानं या हिशोबाने संपवायचं नाही. या वयात साधारण काय यायला हवं, ते कळण्यापुरता त्याचा उपयोग करा. अनुक्रमणिका फ्रीजवर लावा आणि जे जमलं त्याच्यापुढे तारीख टाका. गोष्टी, कविता, चित्रं इतर पुस्तकांतूनही येऊ देत.

*एनसीईआरटी.* ही केंद्राची पाठ्यपुस्तकं तयार करणारी संस्था. बदलीची नोकरी असेल, राज्य बदलत असेल किंवा पुढे सीबीएसईकडे जायचं असेल तर हे सोयीचं. पहिली-दुसरीची नवी पुस्तकं २०२३ साली आली आणि गणिताचं ‘आनंदमय गणित’ खरोखर चांगलं आहे. तीही मोफत मिळतात. तीन ते आठ वयासाठी एनसीईआरटीने त्याच वर्षी ‘जादुई पिटारा’ नावाचा खेळ-साहित्याचा संच आणला. त्यातल्या कल्पना बघा आणि तशा वस्तू घरी करा.

*माँटेसोरी.* हाताने करून शिकणं, वस्तू जागेवर ठेवणं, स्वतःचं काम स्वतः करणं. मारिया माँटेसोरी १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धाची वर्षं इथेच राहिल्या, त्यामुळे ही पद्धत आपल्याकडे चांगली रुजली. घरी करताना लाकडी मनोऱ्यांपेक्षा त्यामागचा विचार घ्या. भाजी निवडणं, पाणी ओतणं, घडी घालणं, बटण लावणं हेसुद्धा माँटेसोरीच आहे.

*वॉल्डॉर्फ आणि शार्लट मेसन.* पहिली जर्मनीतली, दुसरी इंग्लंडमधली. वॉल्डॉर्फमध्ये कला, लय, ऋतू आणि उशिरा सुरू होणारं वाचन. शार्लट मेसन पद्धतीत उत्तम पुस्तकं, निसर्गात भटकंती आणि ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगणं. दोन्हींत घेण्यासारखं खूप आहे. पण तयार संच घेतलात तर त्यात बर्फ, ओकची झाडं आणि रॉबिन पक्षी येतील. आपल्या मुलाने आधी बुलबुल, कवड्या, पळस आणि पहिल्या पावसातले मृगाचे किडे ओळखावेत.

*अनस्कूलिंग.* ठरलेला अभ्यासक्रमच नाही. मुलाच्या कुतूहलामागे जायचं. ऐकायला सोपं, करायला सगळ्यात कठीण, कारण पालकाला सतत जागं राहावं लागतं. ज्या घरात पुस्तकं, अवजारं, माणसं आणि वेळ मुबलक आहे तिथे हे फुलतं. जिथे दिवस मोबाइलवर जातो तिथे अनस्कूलिंगच्या नावाखाली फक्त दुर्लक्ष होतं.

बरीचशी कुटुंबं शेवटी मिश्रण करतात: गणिताला एक पुस्तक, भाषेला भरपूर गोष्टी, बाकी परिसर. यात काही वावगं नाही. फक्त दर महिन्याला पद्धत बदलू नका. सहा महिने तरी एका गोष्टीला द्या.

माध्यम मराठी ठेवावं की इंग्रजी?

घरात मराठी बोलत असाल तर मराठी. वाचायला शिकताना मूल अक्षरातून ओळखीचा शब्द शोधत असतं. शब्दच अनोळखी असेल तर अक्षर लावूनही अर्थ लागत नाही आणि मूल पोपटपंचीकडे वळतं. मराठीत बरीचशी अक्षरं लिहिली तशी वाचली जातात, त्यामुळे वाचनाची किल्ली लवकर हाती लागते, आणि एकदा वाचन म्हणजे काय हे कळलं की इंग्रजीला वेळ लागत नाही. इंग्रजी ऐकू द्या, गाणी म्हणू द्या, गोष्टी वाचून दाखवा; स्पेलिंग पाठ करून घेण्याची घाई नको. महाराष्ट्रात मराठी माध्यमालाही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे मराठी निवडली तर इंग्रजी बुडेल ही भीतीच मुळात नको.

वाचन कसं शिकवायचं?

अ अननसापासून ज्ञ ज्ञानेश्वरापर्यंत सगळी मुळाक्षरं गिरवून मग बाराखडी आणि मग शब्द, या क्रमाने जाऊ नका. त्यात मूल ऋ, ङ, ञ गिरवत महिने काढतं आणि एकही अर्थपूर्ण शब्द वाचू शकत नाही. त्याऐवजी अक्षरगट घ्या. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी आणि वाड्याजवळ सोनाळ्याच्या क्वेस्ट संस्थेने मराठी वाचन शिकवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. लवकरात लवकर अर्थाचं वाचन हा त्यातला गाभा.

घरी असं करता येतं: क, म, न, ल, र ही पाच अक्षरं आणि काना एवढंच घ्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूला मोठी अक्षरं काढून चौकोन कापा. काना वेगळ्या चिठ्ठीवर. आता जमिनीवर मांडा: कान. नाक. काका. मामा. लाल. काम. नमन. कमल. एवढ्यावर वाक्यही होतं: ‘काका, काम करा.’ ‘मामा, नाक लाल!’ पहिल्यांदा मूल हे वाक्य स्वतः लावतं आणि मामाचं लाल नाक डोळ्यासमोर येऊन खदाखदा हसतं, तेव्हा त्याला वाचन कळलेलं असतं. मग पुढचा गट, पुढची वेलांटी. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी.

याच्या बरोबरीने रोज वाचून दाखवणं सोडू नका, मूल स्वतः वाचायला लागलं तरी. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं, बालभारतीचं १९७१ पासून निघणारं ‘किशोर’ मासिक, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मोफत असलेल्या मराठी गोष्टी. हे सगळं एका पालकाच्या ऐपतीत बसणारं आहे.

काही मुलं पाचव्या वर्षी वाचतात, काही साडेसातला. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानातसुद्धा वाचन आणि अंकज्ञान पक्कं होण्याचं लक्ष्य तिसरीच्या अखेरीस आहे. आठ उलटूनही अक्षरं उलटी दिसत असतील, ओळ चुकत असेल, तर मात्र थांबू नका. आधी डोळे तपासा, मग वाचन-अक्षमतेच्या जाणकारांना दाखवा.

आणि गणित?

मराठीत शिकताना एक अडचण हमखास येते. ‘पंचवीस लिही’ म्हटलं की मूल ५२ लिहितं. कारण त्याला पाच आधी ऐकू येतो. एकोणतीस तर आणखी अवघड. तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. मूल ‘ढ’ नाही, ते ऐकलं तसंच लिहितंय. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी जोड दिली तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला! घरी तुम्ही बिनधास्त दोन्ही म्हणा: ‘वीस आणि पाच, पंचवीस.’

खराट्याच्या काड्या सारख्या लांबीच्या तोडा. दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा करा. पंचवीस म्हणजे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. वजाबाकीत सुट्या काड्या पुरल्या नाहीत की मूल स्वतःच रबर काढून गठ्ठा सोडतं. ‘हातचा’ हा शब्द न उच्चारताही त्याला हातचा समजतो. हे हाताने भरपूर झाल्यावरच वहीत उभी मांडणी करा. बाजारात पावशेर मिरची, अर्धा किलो बटाटे, वीस रुपयांची कोथिंबीर यांचा हिशोब मुलाला करू द्या, भाजीवाल्या मावशींना थोडा वेळ लागला तरी चालेल.

विज्ञानासाठी पद्मश्री अरविंद गुप्ता यांचं टाकाऊतून खेळण्यांचं संकेतस्थळ पुरेसं आहे. त्यावर मराठी पुस्तकंही मोफत आहेत.

दिवसाला किती वेळ लागतो?

सहा वर्षांपर्यंत बसून अभ्यास असा शून्य मिनिटं चालतो. सहा ते आठला तास-दीड तास, तोही तुकड्यांत. बाकी दिवस खेळ, कामं, वाचन, झोप. रोजची वेळ साधारण ठरलेली असली की कटकट कमी होते.

आम्ही बीएड नाही. जमेल का?

या वयासाठी डिग्री लागत नाही. धीर लागतो, स्वतः वाचायची सवय लागते, आणि ‘मला माहीत नाही, चल शोधू’ म्हणायची तयारी लागते.

खर्च किती?

पुस्तकांचा खर्च नगण्य आहे. खरा खर्च एका माणसाच्या वेळेचा, आणि बहुतेक घरांत तो आईच्या नोकरीतून वजा होतो. हे मोकळेपणाने बोला. ‘आपण होमस्कूलिंग करतोय’ असं बाबा अभिमानाने सांगतात आणि प्रत्यक्षात सकाळपासून रात्रीपर्यंत मूल, स्वयंपाक, वह्या सगळं एकटी आई पाहते, हे चित्र मला मनापासून खटकतं. कोण कोणत्या दिवशी, कोणता विषय, आईला स्वतःसाठी कोणता वेळ, हे निर्णयाआधीच ठरवा. ते ठरत नसेल तर निर्णय पुढे ढकला.

मूल एकलकोंडं होईल का?

लक्ष दिलं नाही तर होईल. शाळेत मित्र आपोआप मिळतात, इथे ते मिळवावे लागतात. संध्याकाळी मैदान रोज. आठवड्यातून एकदा दुसऱ्या घरशिक्षणवाल्या कुटुंबाकडे. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात, उन्हाळ्यात शिबिरात. तीच ती मुलं पुन्हा पुन्हा भेटायला हवीत. भांडण, अबोला आणि दिलजमाई हे सगळं त्यातूनच शिकायचं असतं. लहान गावात हे सोपं जातं, शहरातल्या बंद सोसायटीत वेळ काढावा लागतो.

आजी-आजोबांचा विरोध आहे.

त्यांची काळजी खरी आहे. शाळेसाठी त्यांनी कोसभर पायपीट केलेली असते. वाद घालण्यापेक्षा त्यांना सामील करा. आजोबांकडे पाढे आणि पत्ते, आजीकडे ओव्या, श्लोक, गोष्टी. नातवाने आजीला वर्तमानपत्राचा मथळा वाचून दाखवला की विरोध बराच मावळतो.

प्रगती कशी तपासायची? नोंदी ठेवाव्यात का?

जरूर ठेवा. परीक्षा नको, पण महिन्याला एक पान लिहा: काय वाचलं, काय मोजलं, कुठे अडलं. चित्रं, लिखाण तारखेसह फाइलमध्ये लावा. कोणी विचारलं तर दाखवता येतं.

पुढे दहावीचं काय?

रस्ते आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे, म्हणजे एनआयओएसचे, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष स्तर आहेत. त्यांची दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. पाच विषय, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा घेतं. राज्य मंडळाची दहावी बाहेरून देण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहेच. केंब्रिजची आयजीसीएसईही खासगी परीक्षार्थी म्हणून देता येते, पण ती महाग पडते.

मुंबईतल्या एका मुलीला २०१६ साली, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना, संगणक ऑलिम्पियाडमधल्या पदकांवर अमेरिकेत एमआयटीत प्रवेश मिळाला. बातमी आनंदाची, पण त्यावर बेत आखू नका. आपल्याकडे आयआयटीला बारावी लागतेच.

आम्ही परदेशात राहतो.

तिथला कायदा पाहा, भारतातला नव्हे. अमेरिकेत पन्नासही राज्यांत परवानगी आहे, पण न्यूयॉर्कमध्ये वार्षिक आराखडा आणि तिमाही अहवाल द्यावे लागतात, तर टेक्ससमध्ये जवळजवळ काहीच नाही. जर्मनीत शाळा सक्तीची आहे. म्युनिक-स्टुटगार्टकडच्या मराठी कुटुंबांना तिथे होमस्कूलिंग करता येणार नाही.

कोणी हे करू नये?

शाळेवर किंवा एखाद्या शिक्षकावर चिडून तडकाफडकी निर्णय घेणाऱ्यांनी. आई-बाबांपैकी एकाचाच आग्रह असेल तर. घरात आजारपण किंवा आर्थिक ताण असेल तर. आणि मूल शाळेत आनंदाने जात असेल तर त्याला केवळ आपल्या तत्त्वासाठी काढू नये. शाळा सुटल्यावरचे तासही मोठे असतात, वर लिहिलेलं बरंचसं त्या वेळात करता येतं.

मध्येच मुलाला शाळेत जायचं असेल तर?

जाऊ द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. वर्ष सुरू झालं म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून चौदापर्यंत प्रवेश नाकारता येत नाही. खासगी शाळा अनेकदा जागा नाही म्हणतात, जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा सहसा घेते. जूनच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा, नोंदींची फाइल सोबत न्या, आणि पहिले दोन-तीन आठवडे मूल दमून, चिडचिड करत घरी आलं तर त्याला लगेच ‘परत घरी बसायचं का?’ असं विचारू नका.